दिलसुखनगरमधले एकच खरे यूनिक्स

बुद्धभूषण सोनकांबळेच्या उजव्या डोळ्यावर कीबोर्डची कड बसली, तेव्हा तो जमिनीवर पालथा पडून एका जुन्या संगणकाला मिठी मारून होता. मी तिथे नव्हतो. त्याची बायको रूपाली आणि पुढे तो स्वतः, दोघांनी सांगितले तेवढेच लिहितो.

भूषण आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. त्याचे वडील नागोराव नांदेडकडून हैदराबादला रेल्वेच्या नोकरीसाठी आले. भूषण दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये शिकवायचा. बाहेर मोठी पाटी होती, ‘यूनिक्स शिका’. यूनिक्स म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली; आत मात्र सगळ्या संगणकांवर तिच्यासारखीच दुसरी, लिनक्स. खरे यूनिक्स एकच, कोपऱ्यातले सन कंपनीचे जुने मशीन. ते भूषणने भंगारातून आणून स्वतः दुरुस्त केले होते. क्लासचे मालक प्रतापराव त्याला अडगळ म्हणत. पाटीवर लिनक्स लिहा, असे भूषणने त्यांना सांगून पाहिले. त्यांचे उत्तर ठरलेले: दोन्ही एकच, आणि त्या नावाला पोरे जास्त येतात.

एकच नव्हते. का नव्हते ते भूषण मला ओसरीवर भाऊबंदकीच्या भांडणासारखे सांगायचा. यूनिक्स एका अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मले. त्या कंपनीला दुसरा धंदा करायला सरकारची मनाई होती, म्हणून तिने ते विद्यापीठांना नाममात्र पैशांत देऊन टाकले. पुढे कंपनीचे तुकडे झाले, मनाई उठली, आणि फुकटासारख्या वस्तूला भाव आला. प्रत्येकाने आपापले यूनिक्स काढले, तट पडले, कोर्टात एकमेकांचे गळे धरले. शेवटी नाव एका संस्थेकडे गेले. तिची परीक्षा पास होऊन फी भरेल, त्यालाच यूनिक्स म्हणायचे. बर्कले विद्यापीठातला सख्खा वंशज नावाला मुकला. लिनक्स वागायला तसेच, पण रक्ताचे नाही, आणि परीक्षेला सहसा बसतही नाही. ॲपलचा संगणक मात्र पास.

“आमच्या बापाला हे आवडलं असतं, काका,” भूषण म्हणायचा. “इथं जन्मावर नाव मिळत नाही.”

प्रत्येक तुकडीला तो हे सांगे आणि मग एकेकाला सनच्या मशीनवर बसवून ‘किलऑल’ हा हुकूम लिहायला लावी. लिनक्सवर हा शब्द नुसता लिहिला तर काही होत नाही, तो कसा वापरायचा एवढे पडद्यावर येते. सनवर तो विचारत नाही. चालू असलेले सगळे ठार करतो. मुधोळकडचा सुरेश, घरी मराठी बोलणारा, त्या तासाला बसला नाही. “सर, ये इंटरव्ह्यू में पूछते क्या?” म्हणाला आणि चहाला गेला.

कुकटपल्लीतल्या एका औषधांच्या गोदामात त्याला नोकरी लागली. तिथे जुने सनच होते. ऐन गर्दीत एक काम अडकले. ते बंद करायला सुरेशने हुकूम कसा वापरतात ते बघावे म्हणून नुसता ‘किलऑल’ लिहिला. अख्खे गोदाम थांबले. मालकाने त्याला सगळ्यांदेखत थोबाडीत मारून हाकलले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, क्लासने चुकीचे शिकवले म्हणून, सुरेशचा मोठा भाऊ चौघांना घेऊन क्लासमध्ये शिरला. हातात सळया. आधी काचा गेल्या, मग खुर्च्या. प्रतापराव टेबलामागून उठले आणि बोट भूषणकडे केले.

“मेरेकू नक्को पूछो. सिखाया इसने.”

पहिली सळई खांद्यावर बसली, दुसरी उजव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज झाला. कुणीतरी त्याचे डोके भिंतीवर आपटले. भूषण पळू शकला असता, दार मागेच होते. पण भावाने सळई सनच्या मशीनवर उगारली आणि भूषण ते कवटाळून जमिनीवर पालथा झाला. मग लाथा. मग तो कीबोर्ड. सुरेश दारात उभा होता. पुढे आला नाही, थांबवलेही नाही.

डोळा वाचला नाही.

प्रतापराव दवाखान्यात आले. जिन्यावरून पडलो म्हण, नोकरी राहील, असे समजावून गेले. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा भूषणने भावाचे नाव सांगितले, आणि पाटी खोटी आहे हेही सांगितले. नोकरी गेली. मशीन रिक्षातून आमच्या घरी आले.

महिन्याभराने सुरेश आला. ओसरीवर मान खाली घालून उभा राहिला. भाऊ जामिनावर होता, तक्रार मागे घ्या म्हणायला आला असावा. भूषणने त्याला बोलूच दिले नाही. मशीन माझ्या टेबलावर ठेवायला लावले, वायर जोडायला लावली, पासवर्ड सांगितला.

“आता लिही तोच शब्द. नुसता.”

सुरेश टेबलाशी बसला. त्याने लिहिले. पडदा काळा झाला.

“हे त्या दिवशी पाहिलं असतंस,” भूषण म्हणाला, “तर तुझी नोकरी राहिली असती अन् माझा डोळा. तक्रार राहणार. जा.”

तो पायऱ्या उतरून गेला. रूपालीने त्याच्यासाठी मघाशी आणलेला पाण्याचा पेला अंगणात ओतला. भूषणने डाव्या हाताने मशीन पुन्हा चालू केले.