आल्याच्या रसातला वाहक

आमचे आबा एसटीत वाहक होते, म्हणजे कंडक्टर. अमळनेरहून सुटणाऱ्या गाड्यांवर त्यांची उमर गेली. अकरावीत असताना मी एकदा पास घरी विसरले आणि गाडी नेमकी त्यांची निघाली. त्यांनी दोरी ओढून घंटी दिली आणि भर उन्हात दोन गावांच्या मध्ये मला उतरवलं. नियम सगळ्यांना सारखा, एवढंच म्हणाले. मी पायी घर गाठलं. संध्याकाळी ते आले, जेवले, झोपले. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही, पण माझ्या मनातून तो कधी गेलाही नाही.

पुढे मी धुळ्याला फार्मसीत पीएच.डी.ला लागले. विषय आल्याचा. आलं धुऊन, वाटून रस काढायचा, गाळायचा आणि यंत्रात गरागरा फिरवायचा. प्रत्येक फेरीला वेग वाढवायचा, गाळ टाकून द्यायचा. सगळ्यात वेगवान फेरीनंतर नखभर साका हाती लागतो. त्यात तेलकट आवरणाचे, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे कण असतात. त्यांच्या पोटात औषध भरता आलं तर ते आतड्यात नेमक्या जागी नेऊन सोडतील, अशी सगळी आशा. माझे कण मात्र औषध धरत नव्हते. भरावं आणि धुतलं की सगळं वाहून जावं. मार्गदर्शक बाईंनी मराठी सारांशात या कणांना 'औषधाचे वाहक' म्हटलं होतं.

त्याच सुमारास आबांना आतड्याचा कॅन्सर निघाला. जळगावला ऑपरेशन झालं आणि पुढे घरी गोळ्या सुरू झाल्या, सकाळ-संध्याकाळ. गोळ्यांनी त्यांचे तळवे सोलले, तोंड आलं. चालताना भिंत धरायचे, पण हूं की चूं करायचे नाहीत. मी सुट्टीला घरी आले असताना त्यांनी माझ्या बॅगेतला तो सारांश काढून वाचला.

"वाहक म्हंजे कंडक्टरच ना?" त्यांनी विचारलं.

मला चेव आला. म्हटलं, हो, कंडक्टरच. तुमची गोळी म्हणजे गाडीभर प्रवासी. त्यांच्याकडे बघायला कुणी नाही, म्हणून ते भलत्याच थांब्यावर उतरतात, तळव्यात, तोंडात. आल्याचा वाहक सगळ्यांना आतड्यातच उतरवतो. मग एवढे प्रवासी लागतच नाहीत, पाव डोससुद्धा पुरेल.

"आणि हा वाहक कुणाला मधेच उतरवत नाही," मी मुद्दाम जोडलं. आबांनी सारांश घडी घालून परत बॅगेत ठेवला. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवसापासून ते आईकडून आल्याचा रस काढून घेऊ लागले. मी हसले. प्या म्हटलं, वाईट काही नाही त्यात.

महिन्या-दीड महिन्याने मी पुन्हा घरी आले तर आबांचे तळवे भरून आलेले. तोंड बरं, दोन भाकरी खात होते. गोळ्या रोज घेता ना, असं मी विचारलं.

"सकाय-संध्याकाय. येक बी चुकेल नही."

मी खूश झाले. कॉलेजच्या चर्चासत्रात कंडक्टरचा विनोद सांगून मी टाळ्या घेतल्या, आणि वर माझ्या वडिलांचे तळवे आल्याने कसे भरले तेही ऐकवलं. फार्मसी शिकलेल्या बाईला एवढा साधा प्रश्न पडू नये, की गोळी बाधायची एकाएकी थांबली कशी.

पुढच्या तपासणीत कॅन्सर यकृतात पोचलेला दिसला. डॉक्टरांनी गोळ्या पाहायला मागितल्या. आईने पिशवीतून पाकिटांची चळत काढली.

"एवढ्या उरल्या कशा?" डॉक्टर म्हणाले.

"मी पावच गोयी लेस ना," आबा अडाण्याला समजवावं तसे सांगू लागले. "आडकित्त्याघाई कातरस. आलाना रसमा वाहक ऱ्हास. मनी पोरनं संशोधन शे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पाव डोस हा शब्द माझाच होता, हे सांगायची तीच वेळ होती. मी आबांवर ओरडले.

"अक्कल आहे का तुम्हाला? नुसत्या रसातले कण रिकामे असतात. औषध त्यांच्यात भरावं लागतं."

"मंग तू तवय काबरं नही सांगं?"

"मला वाटलं, एवढं तुम्हाला कळत असेल."

बाहेर बाकावरची माणसं आत डोकावत होती. आबा मान खाली घालून बसले. उभ्या आयुष्यात मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. आता पूर्ण गोळ्या घेऊनही फारसा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं.

रस पिणं त्यांनी सोडलं नाही. आई पेला द्यायची आणि ते माझ्याकडे बघत सावकाश प्यायचे, शेवटच्या थेंबापर्यंत. मला लाज वाटायची आणि रागही यायचा. राग जास्त यायचा. ते पोळ्याच्या आधी गेले.

वर्षभराने माझी तोंडी परीक्षा झाली. तोवर कण औषध धरू लागले होते, आलेख सुरेख आले होते. तासभर सगळं इंग्रजीत चाललं. शेवटी बाहेरून आलेले परीक्षक जरा सैलावले आणि त्यांनी मराठीत विचारलं, "हे कुणा माणसाने घेऊन पाहिलंय का अजून?"

"नाही सर, कुणीच नाही," मी म्हटलं.

उत्तर बरोबरच होतं. मागच्या रांगेत आई पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. अख्ख्या परीक्षेतलं तेवढंच तिला समजलं.