शाबासकीचा डाव

चहा ओतलाच आहे तर ऐका. हा किस्सा मी स्टाफरूममध्ये अजून धड सांगितलेला नाही. तिथे एवढंच ठाऊक आहे की मॅडम शहाद्याला कुस्तीसारख्या कसल्याशा स्पर्धेला गेल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या. पुढचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आज सांगते, पण हसायचं ते शेवटी हसा.

मी नंदुरबारला राहते आणि रनाळ्याकडच्या एका शाळेत चौथीचा वर्ग शिकवते. वय बेचाळीस. या वयात जिउ-जित्सू शिकायला कोण जातं? मीही जाणार नव्हते. नाव मुलीचं घातलं होतं. ती चार दिवसांत कंटाळली, आणि तिला सोडायला-आणायला जाणारी मी तिथेच राहिले.

शिकवणारे आसिफभाई. दिवसा खिडक्यांच्या जाळ्यांना वेल्डिंग करतात आणि संध्याकाळी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाद्या अंथरून हे शिकवतात. सुरतेला कामाला होते, तिथे शिकले. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मॅडम, कुस्तीमा पाठ टेकनी म्हंजे संपनं. आठे पाठ टेकनी म्हंजे सुरू व्हयनं." म्हणजे इथे पाठ टेकली की खेळ सुरू.

या खेळात ठोसा नाही, लाथ नाही. धरायचं, गुंतवायचं, आणि समोरच्याचा हात किंवा गळा असा अडकवायचा की त्याने हार मानावी. हार मानायची खूण म्हणजे समोरच्याच्या अंगावर हाताने दोन थापा. तोंडाने काही बोलावं लागत नाही. थाप पडली की पंच सामना थांबवतात. हा नियम मला इतका पाठ होता की मुलांना पाढ्यांसारखा म्हणून दाखवला असता.

आठ महिन्यांनी शहाद्याला स्पर्धा लागली. एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीचं लग्न तिथून पुरतं उतरलं नव्हतं. दारावर नवरा-नवरीची नावं, छताला झालर, आणि नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्यांसमोर निळ्या मॅट अंथरलेल्या. त्या मखमली खुर्च्यांवर दोन पंच बसून वडापाव खात होते.

माझ्या वजनाच्या गटात बायका दोनच होत्या. म्हणजे मी घरून निघाले तेव्हाच रौप्यपदक नक्की होतं. पण मला सुवर्ण हवं होतं. शाळेत तसं बोलूनही बसले होते. मुख्याध्यापकांनी तर परिपाठात टाळ्यासुद्धा वाजवून घेतल्या होत्या, आगाऊ.

माझी प्रतिस्पर्धी एका कोपऱ्यात मांडी घालून बसली होती. रमिला नाव. एकोणीस-वीस वर्षांची, सडपातळ, खाली मान घालून. मला वाटलं, पोरगी घाबरलीय. वीस वर्षांची नोकरी आहे माझी. घाबरलेलं पोर दिसलं की हात आपोआप पुढे होतो. मी पिशवीतलं केळं तिला दिलं, कमरेचा पट्टा सैल दिसला तो नीट बांधून दिला.

"कुठली गं तू?"

"धडगावकडची, मॅडम. इथे कॉलेजला आहे. वसतिगृहात राहते."

मी शाळेतली बाई आहे हे हिला कसं कळलं, असं मनात आलं. पण ते सगळ्यांनाच कळतं. घरी ती पावरी बोलणार, माझ्याशी मात्र अगदी पुस्तकातलं मराठी बोलत होती.

"किती दिवस झाले शिकतेस?"

"दोन वर्षं, मॅडम."

दोन वर्षं, आणि पट्टा अजून पांढराच. माझाही पांढराच होता, पण माझे आठच महिने. दोन वर्षं एकाच इयत्तेत बसलेली मुलगी, असा मी मनातल्या मनात शेरा मारला. आणि वरून धीर दिला, "काही घाबरू नको. मी जोरात धरणार नाही."

"हो, मॅडम," ती म्हणाली आणि केळं सोललं.

सामना सुरू झाला. आम्ही एकमेकींच्या जॅकेटच्या कॉलर धरल्या. पुढे काय झालं ते मला नंतर व्हिडिओत बघावं लागलं, कारण मला फक्त झालर दिसली, मग मॅट दिसली, मग पुन्हा झालर. मी खाली होते आणि ती वर. मी जीव खाऊन लोळण घेतली, अंगातलं सगळं वजन लावलं, आणि कसं कोण जाणे, मी वर आले. ती माझ्याखाली आडवी दबली. टेबलाकडे नजर गेली तर आकड्यांच्या पाटीवर डावीकडे दोन, उजवीकडे शून्य. मी सामन्याला डाव्या बाजूला उभी होते. म्हणजे दोन गुण माझे. लोळण घेतली त्याचे मिळाले असणार.

"तीस सेकंद," कुणीतरी ओरडलं.

तीस सेकंद फक्त पडून राहायचं होतं. हे काम मला जमतं. मी छाती तिच्या छातीवर टेकवली, डोळे मिटले आणि आकडे मोजायला लागले. सोनं माझ्या हातात आलंच होतं म्हणा ना.

आणि तेव्हा त्या मुलीने ते केलं.

कसं सांगू? ती धडपडली नाही, ढकललं नाही. माझ्याखालून कंबर एवढीशी सरकवली. मग त्या एवढ्याशा फटीत गुडघा आला. गुडघ्यामागून पाय आला. मी गच्च धरून ठेवलेलं माणूस माझ्या हातांतून पाण्यासारखं निघून गेलं, आणि पुढच्या श्वासाला ती माझ्या पाठीवर होती. कुठे झटका नाही, कुठे घाई नाही. दोरीची सुरगाठ एक टोक ओढल्यावर सुटते ना, तशी सुटली. आठ महिने मी जे शेडमध्ये घाम गाळून शिकत होते, ते खरं असं दिसतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं कसलं, माझ्या अंगावरच घडलं. हरणं-जिंकणं त्या क्षणी डोक्यात उरलंच नाही.

तिचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला होता. त्या हातावर मी दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "शाब्बास, पोरी."

पंचांनी शिट्टी फुंकली.

मला वाटलं, वेळ संपली. मी उठले, जॅकेट नीट केलं, केस मागे घेतले आणि हात वर करून घ्यायला पंचांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आमचे हे समोर मोबाइलवर व्हिडिओ घेत होते. त्यांच्याकडे बघून हसलेसुद्धा. पंचांनी रमिलाचा हात वर केला. मी त्यांना हळूच म्हणाले, "सर, हात चुकला."

"मॅडम, तुम्ही थाप मारलीत," ते म्हणाले.

"काय व्हयनं वं? जितनी का?" ह्यांनी बाहेरून विचारलं.

मी मान खाली घालून निघाले, तर रमिला पंचांसमोर जाऊन उभी. आतापर्यंत "हो, मॅडम" पलीकडे फारसं न बोललेली मुलगी हात मागे बांधून सरळ सांगत होती, "सर, मॅडमनी हार मानली नाही. मी गळा अजून धरलाच नव्हता. मॅडमनी मला शाबासकी दिली."

पंच वयस्कर होते. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इतकी वर्षं पंचगिरी करतोय," ते म्हणाले, "जिंकलेलं परत द्यायला आलेली पहिलीच." मग मला विचारलं, "खरं सांगा मॅडम, हार की शाबासकी?"

इथे खरं तर मी म्हणायला हवं होतं की सर, नियम तो नियम, मुलगी जिंकली. शाळेत हेच शिकवते ना मी? पण डोळ्यांपुढे ती दोन-शून्याची पाटी होती. म्हणाले, "शाबासकी."

"ठीक आहे. जिथे थांबलं तिथून सुरू करा. तीस सेकंदांतले पंधरा उरलेत."

जिथे थांबलं तिथून. याचा अर्थ मला खाली बसल्यावर कळला. ती माझ्या पाठीवर होती. मी पुढे बसले, ती मागून येऊन चिकटली, दोन्ही पाय माझ्या कमरेला गुंफले आणि अदबीने विचारलं, "बसू ना, मॅडम?"

आसिफभाई कडेला डोक्याला हात लावून उभे होते. "मॅडम, ती पाठवर बठेल शे. मान दपाडा, मान."

मान लपवायला तेवढा वेळ मिळाला नाही. शिट्टी वाजली आणि तिचा हात हनुवटीखालून असा सरकला, जसं पाकिटात पत्र जावं. गळा दुखला नाही. नुसती झालर अंधूक व्हायला लागली. मी लगेच तिच्या हातावर दोन थापा मारल्या. खऱ्या थापा.

पकड आणखी घट्ट झाली.

मी चार थापा मारल्या. आणखी घट्ट. मी सपासप थापटायला लागले. पंच गुडघ्यावर वाकून माझ्या तोंडाजवळ आले आणि त्यांनी काळजीने विचारलं, "मॅडम, हार की शाबासकी?"

आवाज कुठून काढू? मान हलवावी तर मान तिच्याकडे. शेवटी माझे डोळे बघून पंचांनी स्वतःच तिच्या हाताला हात लावला. तिने तत्क्षणी सोडलं. मी मॅटवर बसून श्वास घेतला आणि पहिला शब्द बोलले तो "हरले."

टाळ्या पडल्या. कोणासाठी ते विचारू नका.

पदकं गळ्यात पडल्यावर मी आसिफभाईंना म्हणाले, "दोन गुणांनी पुढे होते हो मी. हात गप्प ठेवला असता तर..."

"कोनता दोन गुण?" आसिफभाई म्हणाले. "सुरुवातले तिनी तुमले पाडं, त्या दोन गुण तिन्हा व्हतात. ती पाटी टेबलवरनी बाजूथीन वाचानी ऱ्हास, मॅडम."

म्हणजे माझ्या बाजूने डावं-उजवं उलटं दिसत होतं, आणि मी एका क्षणासाठीसुद्धा पुढे नव्हते. रमिला गुणांनी पुढे होती, थापेने जिंकली होती, आणि तरीही जाऊन सामना परत मागून आली होती. मी तिला शोधत बाहेर गेले. ती वऱ्हाडाच्या हात धुण्याच्या नळावर हात-पाय धूत होती. पदक दातांत धरलं होतं, ओलं होऊ नये म्हणून.

"अगं, तू तर दोन्हीकडून जिंकलेली होतीस," मी म्हणाले. "मग पंचांकडे कशाला गेलीस?"

तिने पदक तोंडातून काढलं. "मॅडम, वसतिगृहात मी व्हिडिओ बघून शिकते. एका मैत्रिणीला धरून सराव करते. चांगलं झालं की वाईट, हे सांगायला कोणी नाही. तुम्ही पहिल्यांदा शाब्बास म्हणालात. ती हार म्हणून लिहिली असती तर माझी शाबासकी गेली असती."

वीस वर्षं मुलांच्या पाठी थोपटल्या, पण एका शाबासकीसाठी सोन्याचं पदक पणाला लावणारं पोर मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग मी विचारलं, "आणि दुसऱ्यांदा? मी एवढ्या थापा मारत होते, तेव्हा तुला काय वाटलं गं?"

रमिलाने जमिनीकडे बघितलं. "मला वाटलं, तुम्हाला आवडतंय," ती म्हणाली. "म्हणून मी अजून मन लावून आवळलं."