यमू, तिची आयो आणि निळा रंग

गौरी-गणपती होऊन आठवडा झाला असेल. सकाळी साडेनऊच्या सुमारास मी चारकोपच्या घरात मेथी निवडत बसले होते आणि दत्ताचा फोन आला. दत्ता म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, यमुनाचा, धाकटा भाऊ. मनोरीला त्याची मासेमारीची बोट आहे. एरवी त्याचा फोन येतो तो "शुभाताई, पापलेट चांगलं आलंय, ठेवू का?" एवढं विचारायला. त्या दिवशी तो नुसताच श्वास घेत राहिला. मग म्हणाला, "बाय गेली आमची." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे गेली?" पलीकडून बायकांचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कळलं. चहा प्यायली, कप खाली ठेवला आणि खुर्चीतच मान टाकली, एवढंच त्याने नंतर सांगितलं. बासष्ट वर्षांची होती यमू. आजारपण नाही, कसली तक्रार नाही. आदल्याच रविवारी फोनवर माझ्याशी अर्धा तास भांडली होती, मी गुडघ्याचे व्यायाम करत नाही म्हणून.

मार्वेच्या धक्क्यावर पोचले तेव्हा होडी सुटायच्या बेतात होती. होडीवाल्याने मला ओळखलं, हात दिला आणि आत घेतलं. मार्वे ते मनोरी, खाडीचा तेवढासा पट्टा. तो ओलांडून यमू सव्वीस वर्षं रोज मालाडला शाळेत आली. आम्ही दोघी एकाच वर्षी तिथे लागलो, मी मराठीला, ती विज्ञानाला. माझे वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं, त्यामुळे मासे हा आमच्या मैत्रीचा पहिला विषय. मी डब्यात बांगड्याचं तिखलं आणलं की ती वाकून बघायची आणि शांतपणे म्हणायची, "कालचा आहे हा, शुभे. फसवलं तुला."

तिच्या तासाबद्दल मुलं घरी जाऊन सांगायची, पण मी तो पाहिला तो योगायोगाने. माझा तास मोकळा होता, स्टाफरूममध्ये पंखा बंद होता, म्हणून जाऊन आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. तिने खिडक्यांना काळे कागद लावले होते. टेबलावर काचेची एक लांबट पेटी, कुणाच्या तरी घरची, पूर्वी मासे पाळलेली. त्यात पाणी. एका बाजूने टॉर्च. पाणी स्वच्छ होतं तोवर पेटीत उजेड दिसतच नव्हता, पलीकडच्या भिंतीवर तेवढा पांढरा गोल. मग तिने ड्रॉपरने दुधाचे चार-पाच थेंब टाकले, ढवळलं, आणि पाण्यातून टॉर्चचा झोत उमटला. बाजूला बसलेली पोरं ओरडली, "बाई, निळसर!" समोरच्या टोकाशी बसलेली म्हणाली, "हट्, नारिंगी आहे." दोन्ही बाजू हमरीतुमरीवर आल्या. यमू हाताची घडी घालून उभी. मग म्हणाली, "जागा बदला." बाकं सरकवत, एकमेकांच्या पायांवर पाय देत चाळीस पोरं इकडची तिकडे गेली, आणि मघाशी निळसर म्हणणारीच आता नारिंगी म्हणायला लागली. त्यानंतर तिने सांगितलं की दुधाचे बारीक कण झोतातला निळा रंग जास्त प्रमाणात बाजूला उधळतात, आणि निळा वाटेत गळत गेला की पलीकडे पोचतो तो उरलेला, तांबूस. आकाशात दुधाऐवजी हवेचेच कण असतात. दुपारी डोक्यावरून येणारा उजेड थोडी हवा ओलांडतो, संध्याकाळी तिरका येणारा खूप. "म्हणजे आपण संध्याकाळी पेटीच्या या टोकाला बसलेलो असतो," ती म्हणाली. मराठी शिकवून शिकवून माझे केस पिकायला लागले होते, पण संध्याकाळ अशी कुणी सांगितली नव्हती मला.

एकदा तपासणीला साहेब आले, तेव्हा शिपायाने हौसेने अर्धी पिशवी दूध पेटीत ओतून ठेवलं. सगळं पांढरंफटक. साहेबांनी चष्मा सावरत विचारलं, "बाई, यात निळा कुठाय?" मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. यमू म्हणाली, "नाही दिसणार साहेब. कण इतके झाले की उजेड याच्यावरून त्याच्यावर आपटत राहतो आणि सगळे रंग पुन्हा एकत्र होतात. ढग पांढरा का, ते दाखवतेय आज." साहेबांनी मान डोलावून वहीत काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर ती माझ्या कानात पुटपुटली, "वाट लागली होती यार!"

फटकळ होती, तेही सांगायला हवं. शाळेच्या वार्षिकात माझी आकाशावर एक कविता छापून आली. हिने अंक उघडून लाल पेनने त्यात विज्ञानाच्या दोन चुका काढल्या आणि तो माझ्या टेबलावर ठेवून दिला. पंधरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. सोळाव्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील माझ्या पर्सशेजारी पडलेले. माफी तिने कधी तोंडाने मागितली नाही, मीही बोंबील परत केले नाहीत.

तिने लग्न केलं नाही. घरात ती, दत्ताचं कुटुंब आणि तिची आई. सगळं गाव तिला आयो म्हणायचं. आयोने पन्नासेक वर्षं मालाडच्या बाजारात मासे विकले. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ती पापलेट उचलून त्याच्या तोंडासमोर धरायची, "डोला बग! डोला खोटा बोलत नाय." ताज्या माशाचा डोळा काचेसारखा असतो, शिळ्याचा धुरकटतो, हे मीही तिच्याकडूनच शिकले. तिचं सगळं नाव त्या एका पारखीवर उभं होतं.

आणि एक दिवस जुनं गिऱ्हाईक पापलेट घेऊन परत आलं. "मावशी, हे तू दिलंस मला?" आयोने ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, फिरवून फिरवून पाहिलं. तिला दिसेना. शेजारच्या बाईने हळूच सांगितलं, डोळा गेलाय याचा. त्या दिवशी आयोने टोपली आवरली आणि दुपारीच घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही बराच वाढलेला. यमूने वर्षभर डोकं फोडलं. "मना नको तो आपरेशन. तू शाळंत शिकव, मना शिकवू नको," एवढंच उत्तर. गावातल्या काशी नावाच्या बाईचा डोळा फार पूर्वी ऑपरेशननंतर कायमचा गेला होता, तेवढं एक कारण आयो पुढे करायची. भांडणं इतकी टोकाला गेली की आयोने लेकीशी बोलणं टाकलं. स्टाफरूममध्ये यमू डबा न उघडता बसायची. "चाळीस पोरांना पटवते गं मी रोज," ती एकदा म्हणाली, "आणि घरात एक म्हातारी पटत नाही."

त्यानंतरच्या एका रविवारी तिने मला मनोरीला बोलावलं. ओटीवर आयो बसली होती, तिच्यासमोर यमूने सुरमईचं कापलेलं डोकं आणून ठेवलं. माशाच्या डोळ्यातून तिने बोटांनी एक मणी काढला. भिंग असतं ते, वाटाण्याएवढं, गोल, अगदी पारदर्शक. तो मणी तिने आयोच्या तळहातावर ठेवला. खिडकी लोटली, टॉर्च लावला, उजेड मण्यातून आरपार गेला आणि भिंतीवर ठिपका पडला. मग दुसऱ्या डोळ्यातला मणी तिने चुलीवरच्या उकळत्या पाण्यात टाकला. बाहेर काढला तो मोत्यासारखा पांढरा. टॉर्च तोच, पण भिंतीवर काही नाही. सगळा उजेड मण्यातच अडकून चारी बाजूंना पसरलेला.

कालवणातला माशाचा पांढरा डोळा आयोने जन्मभर पाहिला होता. दोन्ही मणी तिने त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्याजवळ नेले, बोटांत फिरवले, खूप वेळ.

"म्हंजे माजा डोला शिजला?"

यमूला हसू आलं. "शिजला नाही गं आयो. जून झाला. आतले कण एकमेकांना चिकटले, म्हणून उजेड आत जायच्या ऐवजी पसरतो. तुला दिव्याभोवती धुकं दिसतं ना, तेच हे."

"शिजलेला परत कच्चा व्हतो काय?"

"नाही होत. म्हणून तर तो काढून नवा बसवतात."

आयोने मणी खाली ठेवले. आम्हाला वाटलं, आता उठून जाणार. पण ती बसून राहिली, आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, "काशीला मीच नेलेली. ती नको नको बोलत व्हती… मी हात धरून नेली तिला. मंग ती मरंपातुर माज्या दारावरून आंदली काठी टेकत जायची. एक सबूद नाय बोलली मना."

मी यमूकडे पाहिलं. पन्नाशीच्या बाईला आईची ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा कळत होती. वर्षभर तिने जे भित्रेपण समजून भांडण केलं ते भित्रेपण नव्हतंच. यमू उठून आयोशेजारी जाऊन बसली, खांद्याला खांदा लावून. सुरमईचं डोकं तसंच पडलेलं, मांजर आलं तरी कुणी हाकललं नाही. ऑपरेशनचं नाव यमूने त्यानंतर काढलं नाही. तीन आठवड्यांनी आयोच म्हणाली, "चल. पन एकच डोला. आन् तू मना नेतेस असा नाय, माजी मी येतंय."

बोरिवलीच्या एका रुग्णालयात ते झालं, व्यवस्थित झालं. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी बोटं मोजायला सांगितली, तर आयो त्यांच्या पलीकडे, भिंतीकडे बघत राहिली. मग स्वतःच्या पदराकडे. "ही साडी निळी हाय? मी हिरवी समजून नेसत व्हते." जुन्या पिवळट भिंगाने इतकी वर्षं निळा अडवून धरला होता. दुसऱ्या दिवशी यमू शाळेत आली ती जिना दोन-दोन पायऱ्या चढत. मला दारातच गाठून म्हणाली, "शुभे, निळा परत आला गं!" आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. सव्वीस वर्षांत तेवढं एकदाच.

पुढे दुसरा डोळाही झाला. मग गावातल्या बायका यायला लागल्या, कुणी सासूला घेऊन, कुणी एकटीच. यमू त्यांना ओटीवर बसवून मणी दाखवायची, पण एक गोष्ट तिने बदलली होती. प्रयोगाच्या आधी ती विचारायची, "तुला भीती कसली वाटते, ते आधी सांग." आणि मग ऐकत बसायची. ज्या तयार व्हायच्या त्यांच्याबरोबर होडीतून पलीकडे जायची. ज्या नाही व्हायच्या त्यांना चहा पाजून परत पाठवायची. निवृत्तीनंतर तर हेच तिचं काम झालं.

मी परवा पुन्हा मनोरीला जाऊन आले. दिवसकार्य होऊन गेलेलं, घर आपल्या नित्याला लागलेलं. गल्लीच्या तोंडाशी होते तेवढ्यात ओटीवरून हाक आली, "शुभा काय? जाडी झालीस गो." नव्वदीला टेकलेली आयो मला तेवढ्या लांबून ओळखत होती. आम्ही बसलो. यमूबद्दल फारसं बोललो नाही. ऊन कलायला लागलं तशी आयो उठली, आत गेली आणि एक शाळेची दोनशेपानी वही घेऊन आली. वही मी कधी पाहिलेली नव्हती. यमूचं ते तिरकं, घाईचं अक्षर. तारीख, वारा कुठून, हवा कशी, आणि पुढे एक शब्द किंवा दोन. सोडे. खेकड्याची पाठ. आमसुलाचं पाणी. घासलेली हंडी. एका ठिकाणी नुसतंच, "आयो म्हणते, आज सांगण्यासारखा नाही." पानंच्या पानं.

दत्ताने सांगितलं, डोळे झाल्यापासूनचा नेम होता दोघींचा. सूर्य बुडताना यमू विचारायची, आयो, आज कसा रंग? आयो सांगेल ते, तिच्याच शब्दांत, खाली उतरवायची. अशा सहा वह्या कपाटात आहेत. शेवटची नोंद ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळची.

आयोला लिहिता येत नाही. तिने वही माझ्या मांडीवर ठेवली, वर पेन ठेवलं आणि समुद्राकडे तोंड करून बसली. मी तारीख घातली. वारा पश्चिमेचा, दत्ताला विचारून लिहिलं. माझं अक्षर यमूच्या अक्षराखाली फारच गोलमटोल दिसत होतं. सूर्य पाण्याला टेकला, अर्धा झाला. आयो डोळे बारीक न करता बघत होती.

"गाबोळी," ती म्हणाली. माशाच्या पोटातली ती नारिंगी अंडी. मग माझ्याकडे वळून, "पन तव्यावर टाकायच्या आदीची. लिव."

मी लिहिलं.