खदानीवर वारा नव्हता

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. त्याच्या घरी ती उघडी पडली, हे खरं — पण तोंडाने मी तिथेही काही बोललो नाही. तुम्हाला सांगतो आहे. आणि आधीच बजावतो, रडका सूर लावणार नाही. 'चूक झाली' असंही म्हणणार नाही. इंदूरच्या तुकोगंजातल्या एका ऑफिसात मी वर्षानुवर्षं हिशेब तपासतो. चूक कशाला म्हणतात आणि अफरातफर कशाला, एवढं मला कळतं. चूक होते. अफरातफर करावी लागते. मी केली.

तर — आम्ही एक वेस्टर्न सिनेमा काढला होता. हसा. सगळे हसले. इंदूरमध्ये, मराठीत, घोडा-पिस्तूल-टोपीवाला वेस्टर्न! आमच्या कॉलनीतला मंदार लग्नांचे व्हिडिओ काढतो, हे त्याच्या डोक्यातलं खूळ. कोरड्या माळावरचं गाव, गावात एकच विहीर, विहिरीवर एका दांडग्याचा पहारा, आणि एक दिवस घोड्यावरून येणारा अनोळखी माणूस. पैसे कुणालाच मिळणार नव्हते. रविवारी यायचं, पोहे-जलेबी खायची आणि कामाला लागायचं. कुणी बँकेतला, कुणी शाळेतला. गावचा गुंड तर दातांचा डॉक्टर होता. टोप्या जत्रेतल्या, चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या केलेल्या. पिस्तुलं टिकल्यांची. घोडी वरातीची — आणि ती शेवटपर्यंत वरातीचीच राहिली. चार माणसं समोर उभी दिसली की थांबायची आणि कुणीतरी ओवाळेल म्हणून वाट बघायची. गुंडांची टोळी रस्ता अडवून उभी, आणि नायकाची घोडी त्यांच्यासमोर पाय नाचवते आहे! मंदार ओरडायचा, "अरे भिया, इसको कोई समझाओ, शादी कैंसल हो गई है!"

शूटिंग महूच्या पलीकडच्या एका बंद पडलेल्या दगडाच्या खदानीवर चालायचं. माझ्याकडे आवाजाचं काम होतं. मला रेकॉर्डिंगची जुनी हौस. चांगला रेकॉर्डर माझा स्वतःचा होता, आणि माइक आम्ही घराला रंग देताना वापरतात त्या लांब दांडीला बांधला होता. प्रत्येक शॉट संपला की सगळे माझ्याकडे बघायचे. दूरवर एखादी मोटरसायकल गेली असली, कुणी खोकलं असलं, तर मी मान हलवायचो — पुन्हा. सगळं स्वच्छ असलं तरच मोठ्याने म्हणायचो, "साउंड ओके." त्यावर कुणी वाद घातला नाही. मी म्हणालो म्हणजे झालं. हेडफोन घेऊन खात्री करून घ्यावी, असं एकालाही कधी वाटलं नाही.

हे लक्षात ठेवा. जे पुढे झालं ते याच्याच जोरावर झालं. लबाड म्हणून नाव असलेल्या माणसाला ते जमलं नसतं.

नायक होता विलास. कॉलेजपासूनचा माझा दोस्त. महूचा. आजोबा फौजेत, वडील फौजेत. हा विम्याच्या ऑफिसात लागला, पण पाठीचा ताठपणा तसाच. वरातीच्या घोडीवर बसूनही तो नवरदेव दिसला नाही, यावरून काय ते समजा. आणि आवाज — रुंद, जरा खरखरीत, घाई नसलेला. संवाद मात्र त्याने एकदाही लिहिल्याप्रमाणे म्हटला नाही. कागदावर होतं, 'ही विहीर कुणाच्याही मालकीची नाही. ज्याला तहान लागली, त्याची ही विहीर.' विलास खदानीच्या काठावर, घोडीवर बसून म्हणाला, "सुनो भिया, विहीर कुणाच्या बापाची नाही. तहान लागली त्याची विहीर. बस, बात खतम."

दातांच्या डॉक्टरांना पुढचं वाक्य आठवेना. मंदारने टाळ्या वाजवल्या. आणि मी म्हणालो, "साउंड ओके."

खरंच ओके होता. खदानीवर त्या दिवशी वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

मग मी मंदारला नंतर काय सांगितलं? की विलासचे सगळे ट्रॅक वाऱ्याने खराब झाले आहेत. तो काठावर उंच होता ना, तिथे वारा लागतो, तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, घरी मोठ्या स्पीकरवर कळलं. मंदारच्या कॅमेऱ्यातला आवाज तर एरवीही फरफरतच असायचा. त्याला शंका कशी यावी? विलास तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेला होता. मंदारला म्हणालो, "विलासशी बोललो, तो म्हणाला तूच डबिंग करून टाक." आणि विलासला फोनवर म्हणालो, "मंदारला फेस्टिव्हलची घाई आहे, तू येईपर्यंत थांबत नाही." दोन्हीकडे एकेक खोटं, आणि दोन्ही एकमेकांना बरोबर जुळणारी. एवढं मला येतंच.

सिनेमा चौऱ्याऐंशी मिनिटांचा आहे. विलासचं बोलणं त्यात जेमतेम अकरा मिनिटं. ती अकरा मिनिटं माझ्या आवाजात आहेत. कागदाबरहुकूम. 'ज्याला तहान लागली, त्याची ही विहीर.'

का केलं? मला नायक व्हायचं होतं, मी जळत होतो — असं म्हटलं तर तुम्हाला पटेल, आणि मलाही ते सोयीचं पडेल. पण तसं नव्हतं. मला घोड्याची भीती वाटते. मला लाज वाटली, बस. सिनेमा पुण्याला पाठवायचा होता. पुण्यात एका लग्नात मी कधीतरी म्हणालो होतो, "नाही, मी जेवण करून राहिलोय." चारचौघांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. पुन्हा एकदा. मुलांना बोलावून पुन्हा एकदा. मीही त्यांच्याबरोबर हसलो. तेव्हापासून मी दोन तऱ्हेची मराठी बोलतो — एक घरातली, एक तिकडची. तिकडची मी घासूनपुसून शिकलो, विलासने ती तसदी घेतली नाही. त्याला तिची गरजच वाटली नाही. हे मला सहन झालं नाही का? असेल.

आणि आणखी एक. आमच्या घरात 'शुद्ध' हा शब्द फार चालायचा. तूप शुद्ध, भाषा शुद्ध, आणखीही काय काय शुद्ध. विलासच्या घरी मी कॉलेजपासून जेवत आलो आहे, त्याच्या आईच्या हातचं मागून खाल्लं आहे, आणि त्या शब्दाशी माझा काही संबंध उरलेला नाही असं मी मानत होतो. तरी त्याचा आवाज पुसून माझा भरताना तो शब्द माझ्यात कुठे शिल्लक होता का? होता.

आता तुम्ही म्हणाल, सिनेमाचं नुकसान झालं असेल. झालं नाही! इथेच मी मान खाली घालणार नाही. पुण्याच्या एका छोट्या फेस्टिव्हलला तो लागला, लोक शेवटपर्यंत बसले. एक बाई उठून म्हणाल्या, "इंदूरचे असूनही यांची मराठी किती स्वच्छ!" मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? घरी येईपर्यंत मी तो आनंद पुरवून पुरवून वापरला.

इंदूरच्या खेळाला विलास बायकोचा हात धरून आला. पडद्यावर त्याचं तोंड हललं आणि माझा आवाज आला. बायको पटकन म्हणाली, "हे कोण बोलतंय?" विलास मोठ्याने हसला. "अरे यार, मी तर पुणेकर झालो!" सगळं थिएटर हसलं. नंतर बाहेर, स्कूटर काढताना, त्याने एकदाच विचारलं, "सदा, माझावाला एकदा ऐकायला मिळेल का रे?"

"वारा आहे रे नुसता," मी म्हणालो.

"तू बोललास म्हणजे असेलच," तो म्हणाला. "बात खतम."

पुन्हा त्याने विषय काढला नाही.

इथपर्यंत असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. एका हौशी सिनेमातल्या अकरा मिनिटांसाठी कोण कबुली देतं? पण मागच्या वर्षी विलासच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागलं. तो बरा आहे. फिरायला जातो, गळ्यावर पांढरा रुमाल बांधतो, मोबाइलवर टाइप करून शिव्या देतो. बोलत नाही. कधीच बोलणार नाही.

त्याची मुलगी प्रज्ञा नागपूरहून आली होती. मला म्हणाली, "काका, बाबांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. व्हिडिओत नेहमी दुसऱ्यांचेच चेहरे, हे फोन धरून उभे. व्हॉइस नोटमध्ये 'हाँ, पहुँच गए' एवढंच. सिनेमावालं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेल ना? वारा असला तरी चालेल. वाऱ्यातून जेवढे ऐकू येतील तेवढे बाबा द्या."

मी काय म्हणालो असेन?

"ते तर डिलीट केलं बेटा. खराबच होतं."

हा माझा गुन्हा. पहिला नव्हे, हा. पहिल्या वेळी सिनेमा होता, पुणे होतं, लाज होती — पोकळ का होईना, कारणं होती. या वेळी समोर फक्त एक मुलगी होती. आणि रेकॉर्डिंग माझ्या कपाटात होतं, तारखेनुसार लावून ठेवलेलं. मी काहीही डिलीट करत नाही. माझा स्वभावच नाही तो.

तिने मान हलवली. तिनेही विश्वास ठेवला.

त्यानंतर एका रविवारी दुपारी हेडफोन लावून मी ते सगळं ऐकलं. घोडीचे घुंगरू. दूर कुठेतरी बकऱ्या. विलासचं वाक्य. मग माझा आवाज — "साउंड ओके." मग विलास, घोडीवरून खाली कुणाला तरी ओरडतो आहे, "सदा ओके बोलला का? मग चला रे खाली. सदाने ओके दिला म्हणजे देवाने दिला." लोक हसतात. पुढचा शॉट. पुन्हा विलास. पुन्हा मी — "साउंड ओके."

माझ्या लक्षात आलं की हे जसंच्या तसं देताच येणार नाही. प्रत्येक वाक्यानंतर माझीच साक्ष आहे, माझ्याविरुद्ध. मी कॉम्प्युटर उघडला आणि माझा आवाज कापायला बसलो. का नाही? प्रज्ञाला बापाचा आवाज हवा होता, माझा नव्हे. सांगितलं असतं, बघ, जुन्या डिस्कवर सापडलं, साफसूफ करून आणलं. तिने माझे आभार मानले असते. पहिला 'ओके' कापला. दुसरा कापला. तिसऱ्याशी माझं 'ओके' आणि विलासचं हसू एकमेकांवर चढलेलं होतं. माझं कापायचं तर त्याचंही कापलं जात होतं.

एकदा कापून पाहिलं. मग परत जोडलं. आधीचे दोन्हीही परत जोडले.

पेनड्राइव्ह घेऊन महूला गेलो. प्रज्ञाच्या हातात दिला. "मिळालं," एवढंच म्हणालो. तिने लगेच टीव्हीला लावला. विलास पलंगावर टेकून बसला होता, मांडीवर नातू. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या.

"सुनो भिया, विहीर कुणाच्या बापाची नाही. तहान लागली त्याची विहीर. बस, बात खतम."

किती स्वच्छ होतं ते! वाऱ्याचा मागमूस नाही. वहिनींनी पदर तोंडावर धरला. नातू आजोबांकडे बघू लागला, मग टीव्हीकडे, मग परत आजोबांच्या ओठांकडे. आणि मग त्या खोलीत मी बोललो — "साउंड ओके."

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. तिला सगळं कळायला तेवढं पुरे होतं. तिने नजर हटवली नाही. मीही नजर वळवली नाही. तेवढं तरी मी केलं, आणि त्याचं श्रेय मागत नाही.

विलासने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याने हात वर केला आणि हवेत बोट गोल फिरवलं — परत.

प्रज्ञाने परत लावलं. त्याचं वाक्य आलं. माझं "साउंड ओके" आलं. त्याने पुन्हा बोट फिरवलं.

परत.

मी उठलो नाही. तो जितक्या वेळा म्हणाला तितक्या वेळा बसून ऐकलं.