बटाटा कुटं लागतो?

भाजी चिरण्याआधी ठकूबाई ती तळहातावर घेऊन उलटसुलट बघत आणि विचारत, "बाई, ही कुटं लागती?" बीट, फुलकोबी, ढेमसं, कुणाचीच त्यातून सुटका नव्हती. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण वर्गात मला इतके प्रश्न कुणी विचारले नाहीत.

बाळांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातल्या त्या. नवरा गेल्यावर सोलापुरात आल्या आणि बारा वर्षं माझ्याकडे स्वयंपाकाला होत्या.

बटाट्याचं मात्र त्यांना काही केल्या पटेना. बटाटा म्हणजे जमिनीखाली फुगलेलं खोड, असं मी सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या. "खोड मातीखाली कशाला जाईल? तुमाला कुनीतरी फशिवलंय." गावी त्यांची थोरली बहीण होती, आक्का. बटाटा दोडक्यासारखा वेलाला लागतो, असं ती छातीठोकपणे सांगायची. संक्रांतीनंतर कधीतरी ठकूबाई कायमच्या तिच्याकडे राहायला जाणार होत्या. "आक्का इचारनार, इतकी वर्सं शेरात ऱ्हाऊन काय बगितलंस? आन् मला ह्ये बी सांगता यायचं न्हाय."

म्हणून दिवाळीनंतर मी कोंब आलेले बटाटे घेतले, प्रत्येक फोडीला डोळा राहील असे कापले, कापलेल्या बाजूला राख लावली आणि गच्चीवर पाच पोत्यांत लावले. लेंडीखत ठकूबाईंनी आणलं. मी पोत्यांना तारखेच्या चिठ्ठ्या लावल्या आणि वहीत लिहिलं, काढणी नव्वद दिवसांनी.

पाणी मी रोज सकाळी सातला मोजून घालायची. ठकूबाई आधी मातीत बोट खुपसायच्या आणि बऱ्याचदा माझ्या हातातला मग काढून घ्यायच्या. "त्येला तान न्हाय लागली अजून. तुमाला लागली आसंल तर च्या ठिवते."

रोपं वाढली तशी आम्ही माती चढवत गेलो. संक्रांत आली तेव्हा वहीप्रमाणे पासष्टावा दिवस होता.

"एक उपटून बगू का?"

"नव्वद दिवस, ठकूबाई."

त्यांनी वाद घातला नाही. पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि पोत्याच्या कडेनं हात हळूच मातीत घातला. डोळे मिटून घेतले. "मेंढी आडली की असाच घालायचा. ल्येकरू वळवून काढायचं, माय जगवायची." मी जवळ वाकले. "हाय की! लिंबाएवढा. ह्यो दुसरा. ह्यो लई बारका, ऱ्हाऊ दे त्येला." हात बाहेर आला तेव्हा त्यात दोन बटाटे होते. साल इतकी कोवळी, की नुसत्या अंगठ्यानं निघत होती. रोपाचं पानसुद्धा कोमेजलं नाही.

आम्ही ते उकडून मीठ लावून खाल्ले. कसा लागला म्हणून मी विचारलं.

"बाजारातल्यावानीच की!"

दोघी खूप हसलो. मग त्या म्हणाल्या, "आक्का बी ह्येच म्हननार. म्हनंल, बाजारातनंच आनलाय."

दोन दिवसांनीच त्यांचा मुलगा जीप घेऊन आला. सामान चढत होतं. मी गच्चीवर गेले, सगळ्यात जोमदार रोपाचं पोतं कात्रीनं कापलं आणि रोप मुळांसकट उचललं. खाली पांढऱ्या दोऱ्यांना सात बटाटे लोंबत होते, वाटाण्याएवढ्यापासून लिंबाएवढ्यापर्यंत. ते घेऊन खाली आले, तर ठकूबाईंचा चेहराच उतरला.

"अवो बाई, माय मारली की वो तुमी! नव्वद दिस कुटं झालं?"

"आक्कांना दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी रोप हातात घेतलं. मग एका पांढऱ्या दोऱ्यावरून रोपापासून बटाट्यापर्यंत सावकाश बोट फिरवलं, आणि परत उलटं. "मंजी येल हायच की वो! मातीतनं गेलाय. आक्का अर्दं खरं बोलत हुती." माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आन् तुमी बी."

मी माती झटकायला गेले तर हात धरला. "ऱ्हाऊ द्या. मातीबिगर कोन इस्वास ठिवंल?"

ओलं गोणपाट गुंडाळून त्यांनी ते रोप मांडीवर उभं धरलं, एक हात बटाट्यांच्या खाली. जीप निघाली तेव्हा मी फाटकातून हात हलवत राहिले. ठकूबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. वळल्या असत्या तर बटाटे सुटले असते.