अंगावर उठलेल्या गांधी

स्पिरिटचा वास आला की मला भोरच्या दवाखान्यातली एक दुपार आठवते. मी नुकतीच नर्स म्हणून लागले होते. बाजारात बांगड्या विकणाऱ्या एक खाला आल्या होत्या. काच रुतून त्यांचा हात चिघळला होता, तळवा टम्म सुजला होता. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहून दिलं. बाहेर रांग वाढत होती आणि उकळत्या सुयांच्या वाफेने खोली दमट झाली होती. "कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?" मी घाईत विचारलं. "न्हाई," त्या म्हणाल्या. मी इंजेक्शन भरलं, पण त्यांचा चेहरा बघून वाटलं, त्यांना माझा प्रश्नच कळलेला नाही. म्हणून पुन्हा विचारलं, "खाला, कधी सुई घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, असं झालंय का?" "व्हय की! किकवीला लेकीकडं गेले हुते तवा सुई टोचली, आन् तोंड हे एवढं सुजलं, दम घेता येईना. पर ती नजर लागली हुती, सुईचं काय न्हाई." माझा हात जागीच थांबला. मी धावत डॉक्टरांकडे गेले. "ती सुई पेनिसिलिनची असेल, तर पुन्हा देणं जिवावर बेतेल," म्हणत त्यांनी पेनिसिलिन खोडून दुसऱ्या गोळ्या लिहिल्या आणि केसपेपरवर लाल शाईने 'पेनिसिलिन देऊ नये' असं लिहिलं. भरलेली सिरिंज मी मोरीत रिकामी केली. आठवड्याने खाला आल्या त्या मूठ वळून दाखवतच. आता मी निवृत्त झाले आहे, तरी ती वळलेली मूठ आठवली की अजून सुटकेचा निःश्वास सुटतो.