पुंडलिकरावांचा लाल दिवा

आमच्या पुंडलिकरावांना दोन गोष्टींवर खर्च करणं जिवावर येतं. एक पाहुण्यांच्या चहातली साखर आणि दुसरी मोटारसायकलचा मागचा दिवा. साखरेचं मी समजू शकतो, त्यांना स्वतःला ती वर्ज्य आहे. दिव्यामागे मात्र तत्त्वज्ञान होतं. "मागचा दिवा मले थोडाच दिसते? तो लोकायच्या कामाचा. मंग लोकायच्या सोयीसाठी म्या काहून खर्च करू?" बाभुळगावच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात याला कोणी उत्तर देत नसे, कारण दिलं की ते दुसरा प्रश्न विचारतात.

बल्ब सारखा जायचा. ज्या रस्त्यावर माणसाची हाडं खिळखिळी होतात, तिथे बल्बची तार काय टिकणार? शेवटी त्यांनी बैलगाडीला लावतात तशी लाल रेडियमची पट्टी मागच्या मडगार्डवर चिकटवली आणि विषय मिटवला. मागच्या गाडीचा उजेड पडला की आपली पट्टी चमकते, असा हिशेब. दुसऱ्याच्या उजेडावर स्वतःचं भागवावं ते यांनीच.

कापूस वेचणीच्या दिवसांत ही हुशारी अंगाशी आली. बाजार करून ते आणि मैनाबाई, दोघं नवराबायको, सांजेला परतत होते. मागून कापसाचा ट्रॅक्टर आला. त्याचा एक हेडलाइट बंद, दुसरा आभाळाकडे. तोही बहुधा पुंडलिकरावांच्याच विचारांचा. पट्टी चमकलीच नाही. ट्रॅक्टरवाल्याने ऐनवेळी करकचून ब्रेक मारला, तेव्हा मैनाबाईंच्या पाठीला इंजिनाची धग लागत होती. त्या उतरल्या, पिशवी उचलली आणि चालत घरी आल्या.

"दिवा लागल्याबिगर मी तुमच्या गाडीवर बसत नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

पुंडलिकराव हसले, पण पुढच्या बाजारापर्यंतच. मैनाबाई ऑटोने जाऊ लागल्या आणि हे एकटे गाडीवर. कुठे थांबायचं ते मैनाबाई खांद्यावर हात मारून सांगायच्या. आता हे भाजीबाजार ओलांडून थेट पेट्रोल पंपापर्यंत जायचे. सवयीने बोलत राहायचे आणि मागून हुंकार आला नाही की गप्प व्हायचे. खरं सांगतो, मला त्यांची कीव आली. गावाला मात्र गंमत वाटली.

अखेर संजयच्या गॅरेजवर गाडी उभी राहिली. त्याने बल्ब काढून एलईडीचा दिवा बसवला. "काका, हा धक्क्यानं जात नाही, अन् बॅटरीही कमी खाते."

टपरीवर बातमी पोहोचायला काय वेळ! दर ग्रामपंचायत निवडणुकीत पडलेल्या पुंडलिकरावांना शेवटी लाल दिव्याची गाडी मिळाली.

"साहेब, खातं कोन्तं भेटलं?" कोणीतरी ओरडलं.

"गृह खातं," पुंडलिकराव रुबाबात म्हणाले. "घरून मंजुरी यायची हाय अजून."

मंजुरी द्यायला मैनाबाई स्वतः गॅरेजवर आल्या. दिव्याकडे पाहून त्यांचं समाधान झालं नाही. त्या मागच्या सीटवर बसल्या. "मी माह्या जागी बसतो. तुमी मागं जाऊन पाहा, ट्रॅक्टरवाल्याले काय दिसत असन ते."

संजयने गाडी चालू करून ब्रेक दाबून धरला. पुंडलिकराव रस्त्याने मागे चालत गेले, पार रसवंतीच्या पलीकडे, आणि वळले. अंधारून आलं होतं. इतकी वर्षं ही गाडी चालवली, पण मैनाबाई बसलेल्या असताना ती मागून त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. दिवा लालभडक पेटला होता. त्याला लागूनच, वर, मैनाबाईंची पाठ होती. पुंडलिकरावांची स्वतःची सीट त्या पाठीआड गेली होती, दिसतही नव्हती.

संजयने दोनदा हाक मारली तरी ते हलले नाहीत. तिसऱ्या हाकेला परत आले.

"दिसला का दिवा?" मैनाबाईंनी विचारलं.

"तू दिसली वं," पुंडलिकराव म्हणाले. "माह्या अन् ट्रॅक्टरच्या मधात तूच होती."